अकरा एप्रिलची दारं

१ मार्च १९८१, रविवार

ही वही तेहेतीस वर्षं कोरी होती. प्लोवदिवच्या आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर लोकांना गाडीत बसवून देशाबाहेर पाठवलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर आनस्ताझीने ती माझ्या हातात ठेवली. मी तिथेच शिकले होते आणि तिथेच लहान मुलींना शुद्धलेखन घालत होते. ती म्हणाली होती, "एव्दोकिया, रोज जे खरं घडलं तेवढंच लिही. बाकीचं लिहायला पुष्कळ लोक असतात." मी हो म्हटलं आणि एक ओळही लिहिली नाही. मी 'नवा उजेड' या पेपरात प्रूफं वाचते. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द वाचून डोळे थकतात, हे एक कारण. दुसरं कारण सिस्टरला आवडलं नसतं.

सप्टेंबरात पंचावन्न पूर्ण होतील आणि पेन्शन सुरू होईल. तोवर हात वळणावर आणावा म्हणून आज ट्रंकेतून वही काढली.

सकाळी झोर्नित्साच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. मार्तेनित्सा बांधायला ती बावीस वर्षं न चुकता माझ्याकडेच येते. मी तिची धर्ममाता. आमच्या सामाईक अंगणापलीकडे तिची आई स्टोइना राहते. बाप्तिस्मा आम्ही गुपचूप केला होता, स्टोइनाचा नवरा तेव्हा पक्षात होता म्हणून. तो गेला, पक्ष राहिला. मुलीच्या धर्ममातेला म्हणतात तसं स्टोइना अजून मला 'कुमा' म्हणते.

झोर्नित्सा दोन वर्षं चमच्यांच्या कारखान्यात आहे. काटे-चमचे टाक्यांत बुडवून त्यांच्यावर चांदीचा मुलामा चढवतात त्या खात्यात. हात धरला तर बोटांची टोकं राखाडी झालेली.

"दोकामाय," मला ती हेच म्हणते, "बदामाची बिस्किटं कधी करणार?"

"नाताळात केली होती की."

"म्हणजे पुढच्या नाताळापर्यंत मी उपाशी?"

ती सिस्टरची बिस्किटं. गोड बदामात चारच कडू बदाम कुटून घालायचे, म्हणजे वास घरभर राहतो; जास्त झाले तर ते विष, असं सिस्टर बजावायची. कडू बदाम आता मिळत नाहीत. मी तिला म्हटलं, करीन.

३ मार्च, मंगळवार

मला दुपारी दोनला कामावर जायचं असतं, म्हणून सकाळ माझी. माझी खिडकी कारखान्याच्या मागच्या भिंतीकडे आहे. थंडी होती, खिडकी बंद होती. सव्वादहाच्या सुमारास मी मोजे रफू करत होते आणि एकदम कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सांगते ते खरं आहे. तोच वास. कुटलेल्या कडू बदामाचा. खिडकीच्या फटीतून हलकासा येत होता. मी सुई खाली ठेवली आणि डोळे मिटून बसले. सिस्टर आनस्ताझीच्या बाहीवरचं पीठसुद्धा दिसलं.

पाच-दहा मिनिटांत गेला. मग लक्षात आलं की भिंतीवरच्या चिमण्या गप्प आहेत. एरवी त्यांच्या कलकलाटाचा वीट येतो. नंतर कारखान्याचा भोंगा वाजला, वेळ नसताना, आणि मधेच तुटला.

दिवसभर डोकं धरलं होतं. म्हातारपणी आठवणीसुद्धा त्रास देतात.

४ मार्च, बुधवार

झोर्नित्सा काल घरी आली नाही. स्टोइना कारखान्याच्या फाटकावर गेली तर आत सोडलं नाही. इस्पितळात गेली तर म्हणाले, काही जणांना बरं वाटत नव्हतं, त्यांना राजधानीत, सोफियाला हलवलंय, मोठे डॉक्टर बघताहेत, तुम्ही घरी जा.

कचेरीत कुणी काही बोलत नव्हतं, पण बोलत नसण्याचा आवाज मोठा होता. वेलिका आणि मी नेहमीप्रमाणे समोरासमोर बसलो. ती मूळ प्रत मोठ्याने वाचते, मी प्रुफावर बोट फिरवते. ती स्वल्पविरामसुद्धा वाचते, एकवीस वर्षं वाचते आहे. आज वाचलं, "चमच्यांच्या कारखान्यातील कामगारांनी स्वल्पविराम महाअधिवेशनाच्या स्वागतार्थ स्वल्पविराम मार्चचं उद्दिष्ट मुदतीआधी पूर्ण करण्याचा निर्धार केला आहे पूर्णविराम." आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "आणि आज फाटकाला दोन कुलपं लावली आहेत उद्गारचिन्ह."

"वेलिका!"

"मी तर फक्त वाचते, बाई."

संध्याकाळी संपादक गोचेव प्रूफं न्यायला आले. मी सहज म्हटलं, काल सकाळी काय सुंदर वास आला होता, कडू बदामाचा, आमच्या शाळेची आठवण झाली. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"खिडकी उघडी होती?"

"बंद होती."

"बंदच ठेवत जा. आणि हा वास आणखी कुणाला सांगितलात?"

"नाही."

"सांगू नका."

त्यांना वाऱ्याचं फार वावडं आहे. कचेरीतल्या खिडक्याही ते येता-जाता लावत असतात. पण वासाबद्दल एवढं काय?

७ मार्च, शनिवार

आमच्याच छापखान्यात गावाची शोकपत्रकं छापतात. काळी चौकट, नाव, वय, क्रूसाऐवजी हल्ली डहाळी, खाली 'शोकाकुल कुटुंबीय'. लोक ती दारावर, फाटकावर, विजेच्या खांबावर खळीने चिकटवतात. मग चाळिसाव्या दिवशी नवं, सहा महिन्यांनी नवं, वर्षाने नवं. पाऊस पडून फाटलं तरी कुणी काढत नाही. बाहेरगावचा माणूस आला तर त्याला वाटेल, इथे फक्त मेलेलेच राहतात.

आज कंपोझिटर पहिलं पत्रक घेऊन आला. मुलाम्याच्या खात्यातला फोरमन. 'अल्पशा आजाराने, ६ मार्च रोजी.'

त्याआधी गोचेवनी आम्हाला आत बोलावलं होतं. जिल्हा समितीचा फोन आला होता. ते टेबलावरच्या कागदावरून वाचत होते : "शोकपत्रकावर मृत्यूची तारीख दाखल्यावर असेल तीच घालावी. मृत्यूच्या एका तारखेवर एकाहून जास्त पत्रक छापू नये. कारण 'आजार' असे लिहावे."

वेलिकाने विचारलं, "आणि पेपरात?"

"पेपरात काय?"

"काय झालं ते."

गोचेवनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी दर वर्षी नव्या वार्ताहरांना देतात ते भाषण दिलं : भांडवलदारांचं वृत्तपत्र मेलेला माणूस विकतं, आपलं वृत्तपत्र जिवंत माणूस घडवतं. आपल्याकडे सेन्सॉर नाही. एकही नाही. प्रत्येकाची जाणीव पुरेशी आहे. पण नेहमी ते उभे राहून बोलतात. आज बसून बोलले, आणि शेवटचं वाक्य खिडकीच्या कडीला सांगितलं.

बाहेर आल्यावर वेलिका म्हणाली, "सेन्सॉर कशाला लागतोय? तो प्रत्येकाने घरी पाळलेला असतो, मांजरासारखा. रोज दूध घालायचं."

१२ मार्च, गुरुवार

आणखी तीन. सोफियाहून शवपेट्या येतात, झाळून बंद केलेल्या, एक दिवसाआड एक. गाव प्रत्येक प्रेतयात्रेला वेगळं रडतं. ज्या घरी जावं तिथे म्हणतात, फक्त आमच्याच घरी आजार होता. घरच्यांकडून कसल्याशा कागदावर सही घेतली आहे म्हणे. कुणी कुणाला विचारत नाही.

झोर्नित्साची प्रकृती 'गंभीर पण स्थिर' आहे, असं स्टोइनाला टपाल कचेरीतल्या फोनवर कळवलं. स्टोइना तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणते आहे. मी कडू बदाम मिळवले. जर्दाळूच्या बिया फोडून. अगदी तसे नाहीत, पण चालतील.

२० मार्च, शुक्रवार

आज लिहायचं नव्हतं. पण सिस्टरला दिलेला शब्द आहे.

सकाळी इस्पितळाने स्टोइनाला बोलावून सांगितलं. काल रात्री गेली.

दुपारी मी कामावर गेले, कारण न जाऊन काय करणार. पाच वाजता प्रूफ आलं. मी वेलिकाला म्हटलं, तू नको वाचूस, मी एकटी बघते. ती म्हणाली, "दोघींनी वाचायचा नियम आहे." आणि तिने वाचलं, हळू, एकही विरामचिन्ह न उच्चारता. झोर्नित्सा. बावीस वर्षांची. १९ मार्च रोजी, अल्पशा आजाराने. तिच्यासाठी निळी चौकट होती. लग्न न झालेल्यांना आमच्याकडे काळी लावत नाहीत.

चूक एकही नव्हती. मी 'छापण्यास योग्य' लिहून सही केली.

२२ मार्च, रविवार

पुरून आलो. पेटी उघडू दिली नाही. स्टोइनाने पेटीवर कान ठेवला, दोन माणसांनी तिला उचललं.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. हातात नायलॉनची पिशवी. इस्पितळाने मुलीचे कपडे परत दिले होते. वरचा काम करतानाचा झगा, खाली तिची तपकिरी बंडी. "कुमा, तू बघ. मी एकदाच बघितलं."

बंडीच्या खिशात भाकरी होती. दोन तुकडे, मधे चीज. आमच्याच पेपरात गुंडाळलेली. अंक २८ फेब्रुवारीचा. मंगळवारी पहाटे स्टोइनाने स्वतः बांधून दिली होती. हिरवी बुरशी आलेली, पण कोपरासुद्धा तोडलेला नाही.

"एकोणीस तारखेपर्यंत जगली म्हणतात," स्टोइना म्हणाली. "तिची मधली सुट्टी साडेदहाची. माझी पोर सव्वादहालाच खिशात हात घालायची. तिला थांबवायचं कुणाला जमायचं नाही."

मी भाकरी पुन्हा कागदात गुंडाळली.

"तीन तारखेला गेली ती, कुमा. सोळा दिवस मी मेलेल्या पोरीसाठी मोजे विणले."

पिशवीच्या तळाशी मार्तेनित्सा होती. गाठ सोडली नव्हती, कात्रीने कापली होती.

मग तिने बंडी नाकाशी धरली आणि विचारलं, "तू तिला त्या दिवशी बिस्किटं दिली होतीस का? तुझ्या बिस्किटांचा वास येतोय." मी वास घेतला. खरंच, अगदी पुसटसा, कडू बदामाचा. मी दिली नव्हती. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी म्हटलं, "हो, दिली होती. चार."

"बरं झालं," स्टोइना म्हणाली. "म्हणजे काहीतरी पोटात गेलं."

देवा, हे खोटं मला माफ कर. पण ही वही खऱ्यासाठी आहे म्हणून हेही लिहिते : मला आता वाटतं, तीन तारखेला सव्वादहाला माझ्या खिडकीशी जे आलं होतं ते तिचंच होतं. जाता जाता धर्ममातेला भेटून गेली.

दोरा मी अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधला, वसंत आला की बांधायची रीत आहे तसा. कळ्या आहेत.

२९ मार्च, रविवार

तेरा पत्रकं. तेरा वेगवेगळ्या तारखा. गावातून चालताना मी आता दारं वाचते आणि मला माझी सही दिसते.

आमच्या शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत चूक सापडली तर ती सिस्टर खोडत नसे. समासात बारीक टिंब द्यायची आणि म्हणायची, चूक तुला ठाऊक आहे, एवढं मला ठाऊक आहे. चाळीस वर्षांनी त्या टिंबांची भीती वाटायला लागली आहे.

२ एप्रिल, गुरुवार

सोफियात महाअधिवेशन चालू आहे. आठ पानी अंक, सगळी पानं भाषणांची. 'टाळ्या', 'जोरदार टाळ्या', 'दीर्घकाळ टाळ्या, सर्व उभे राहतात'. वेलिका हे वाचते तेव्हा टेबलावर एक, दोन, तीन टिचक्या मारते.

संध्याकाळी छापखान्याच्या खिडकीशी स्टोइना उभी होती. तिने लिहून आणलेला कागद तिथल्या बाईने माझ्याकडे पाठवला, अक्षर लागत नाही म्हणून. मला लागलं.

'११ एप्रिल रोजी चाळीस दिवस पूर्ण होत आहेत, आमच्या लाडक्या झोर्नित्साला आम्ही गमावल्याला. सकाळी दहा वाजता कबरीपाशी.'

मी बोटांवर मोजलं. तीन मार्च हा पहिला दिवस धरला की चाळिसावा अकरा एप्रिल. शनिवार. एकोणीस मार्च धरला तर येतो सत्तावीस एप्रिल.

मी बाहेर गेले. "स्टोइना, अगं—"

"कुमा, दाखल्यावर त्यांची तारीख राहू दे. पेटीवर राहू दे. चाळीस दिवस जीव घराभोवती असतो आणि मग त्याला निरोप द्यायचा असतो. चुकीच्या दिवशी दार उघडलं तर ती कुठे जाईल? मला तेवढा एक दिवस खरा पाहिजे. तुझ्याकडून पाहिजे."

मी म्हटलं, बघते. बघते म्हणणं हे आमच्या कचेरीत नाही म्हणण्यासाठी वापरतात. तिला ते ठाऊक नाही.

७ एप्रिल, मंगळवार

कागद ड्रॉवरमध्ये पाच दिवस ठेवला होता. आज वेलिका म्हणाली, "तुझा काढ, मग मी माझे काढते."

तिच्या ड्रॉवरमध्ये अकरा होते.

अकरा वेगवेगळी अक्षरं, अकरा घरं. फोरमनची बायको, कोपऱ्यावरच्या जुळ्यांची आई, शाळेच्या पहारेकऱ्याचा मुलगा. कुणी कुणाला विचारलेलं नाही, सगळ्यांनी गप्प राहण्याच्या कागदावर सही केली आहे. प्रत्येकाने स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून एकट्याने मोजलंय. आणि सगळ्यांवर एकच : ११ एप्रिल, सकाळी दहा.

माझा बारावा कागद मी त्यांच्याशेजारी ठेवला.

"परवा आणखी येतील," वेलिका म्हणाली. "खेड्यांतली माणसं उशिरा येतात."

"वरच्यांना कळलं तर?"

"वरच्यांचा कागद तू ऐकलास. मृत्यूची तारीख दाखल्याप्रमाणे. यात मृत्यूची तारीख कुठे आहे?"

नाही. चाळिसाव्याच्या पत्रकावर आम्ही ती कधीच घालत नाही. ज्याने तो कागद लिहिला त्याने सगळ्याचा विचार केला होता. दाखले, पेट्या, मोटारी, कोणत्या दिवशी कोण मरायचा. चाळिसाव्याचा केला नाही. त्याच्या घरी चाळिसाव्याला गहू उकडत नसेल कुणी.

९ एप्रिल, गुरुवार

सतरा. चार खेड्यांतले, ज्यांचं पहिलं पत्रक आमच्याकडे आलंच नव्हतं. ते मेल्याचं मला आज कळलं, चाळीस दिवसांचे झाल्यावर.

मी गोचेवकडे गेले. सतरा प्रूफं हातात. दुसऱ्या कुणाची सही लागते असं नाही, पण मी घाबरले होते. ते ओव्हरकोट चढवत होते. गाल धरला होता.

"दाढ," ते म्हणाले. "आजच सोफियाला जातोय. सोमवारी येईन."

"ही शोकपत्रकं—"

"कॉम्रेड एव्दोकिया, यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत?"

"नाहीत."

"मग माझ्याकडे का आणलीत? तुम्ही शुद्धलेखन तपासता. दिवस मोजायला तुम्हाला कुणी ठेवलेलं नाही." त्यांनी एकाकडेही पाहिलं नाही. दारापर्यंत जाऊन परत आले, खिडकीची कडी तपासली. "खळी जरा घट्ट करायला सांगा. मागच्या वेळची पत्रकं वाऱ्याने सुटत होती."

माणसाला काय सुचेल! सतरा जीव हातात घेऊन मी उभी आणि याला दाढ आणि खळी.

वेलिकाने वाचली. मी बोट फिरवलं. मग मी सह्या केल्या. पेन्शनला पाच महिने आहेत. सही करताना हा विचार आला, तोही लिहून ठेवते.

११ एप्रिल, शनिवार

पहाटे उठले तर गाव गव्हाच्या वासात बुडालं होतं. उकडलेला गहू, पिठीसाखर, अक्रोड, व्हॅनिला. एका घरात चाळिसावा असला की गल्लीला वास येतो. आज कुठल्याच गल्लीला सुरुवात नव्हती आणि शेवट नव्हता.

दारं पांढरी झाली होती. रस्त्यात एकही माणूस नाही, आणि घराघरावर, फाटकावर, खांबावर तोच आकडा. ४०. ४०. ४०. बेकरीवर तीन. मी चालत होते आणि आकडे माझ्याबरोबर चालत होते. इतकी वर्षं त्या पेपरात काढली, पण माझ्या हातचं काही गावभर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं गेलेलं मी आजच पाहिलं. लोक पडद्याआडून स्वतःच्या समोरचं दार वाचत होते. पडदा हलायचा, स्थिर व्हायचा, पुन्हा हलायचा.

पावणेदहाला दारं उघडली. प्रत्येक घरातून दोघं-तिघं, हातात रुमालाने झाकलेलं भांडं. आपल्या घरच्या दिवसासाठी निघालेले. कोपऱ्यावर आले की समोरच्या गल्लीतून तसंच भांडं येताना दिसायचं. मग थबकायचे. एकमेकांच्या भांड्याकडे बघायचे. पुढच्या कोपऱ्यावर आणखी. फोरमनची बायको आणि जुळ्यांची आई समोरासमोर आल्या. दोघींनी महिनाभर एकमेकींना खोट्या तारखेचं सांत्वन केलं होतं. फोरमनच्या बायकोने रुमाल बाजूला केला, चमचाभर गहू दिला. चमचा आमच्याच कारखान्याचा.

स्मशानात पावलांशिवाय आवाज नव्हता. कुणीतरी पुटपुटत मोजायला लागलं, मग दुसरं, मग मी ओठ हलताना पाहिले सगळीकडे. सतरा. एवढंच बोललं गेलं.

स्टोइनाने कबरीवर वाइन ओतली आणि म्हणाली, "जा बाई आता. दार उघडं आहे." मग माझ्याकडे वळून, "कुमा, आज ती गेली. मला कळलं."

मला मात्र वाटलं, ती अजून कुठेतरी जवळ आहे.

१३ एप्रिल, सोमवार

सोफियाहून एक जण आला. तरुण, चष्मा, फार नम्र. माझ्यासाठी खुर्ची ओढली. सतरा प्रूफं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली होती.

आधी वेलिका आत गेली. तिचा आवाज बाहेर येत होता : "साहेब, मी मोठ्याने वाचते. जो मोठ्याने वाचतो त्याला अर्थ कळत नाही. तुम्ही सभेत पाहिलं नाही का कधी?"

मला विचारलं, "ही सही तुमची?"

"माझी."

"तुमच्या लक्षात नाही आलं, की दाखल्यावरच्या तारखांशी हे जुळत नाही?"

"यावर मृत्यूची तारीख नाही. सूचना तारखेबद्दल होती. चाळीस दिवस घरचे मोजतात."

तो चष्मा पुसत राहिला. मी विचारलं, अगदी खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून, "तुमच्या घरी कुणी मोजत नाही का?"

"आजी मोजायची," तो म्हणाला. आणि लगेच कागद सारखे केले. "तीन मार्चला सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. कारखान्याच्या मागे. इतका छान वास येत होता, कडू बदामाचा."

त्याचं पेन थांबलं. "तुम्हाला वास आला नाही."

"आला ना."

"नाही आला, काकू." आणि मग आवाज अगदी खाली आणून, पेनाला टोपण घालून, "डोकं दुखलं होतं का?"

"दिवसभर."

तो खूप वेळ माझ्याकडे बघत होता. सिस्टर आजारी मुलीकडे बघायची तसं. शेवटी म्हणाला, "आजपासून तुम्ही घरी राहा. प्रकृतीच्या कारणास्तव. पेन्शनचं मी बघतो." माझ्या प्रकृतीला काही झालेलं नाही, पण वाद घातला नाही.

गोचेवची बदली झाली, कुठल्याशा शेतकी मासिकात. बिचारा. दाढेपायी गेला. आणि निरोप घेताना हसला तेव्हा पाहिलं, दाढा तर सगळ्या जागच्या जागी होत्या.

२४ मे, रविवार

आज अक्षरांचा सण. मुलं फुलांनी मढवलेली मोठी मोठी अक्षरं घेऊन मिरवणुकीत गेली. नगरपालिकेने एप्रिलातच सगळी पत्रकं खरवडून काढली होती. पण खळी घट्ट होती. प्रत्येक दारावर पांढरा चौकोन राहिला आहे, रंग लावला तरी खालून वर येतो. मिरवणूक बघायला आलेली माणसं मधेच मान वळवून चौकोन वाचत होती. रिकामा चौकोन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एका बाईने वाचताना क्रूसाची खूण केली.

आलुबुखाराचं झाड फुलून गेलं. दोरा तसाच आहे.

३० ऑगस्ट, रविवार

वेलिका आली होती. खाली बसायच्या आधीच तिने परवाच्या अंकातून वाचून दाखवलं, "नऊ सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणानिमित्त स्वल्पविराम मुलाम्याचं खातं मुदतीआधी पुन्हा सुरू पूर्णविराम."

"काय दुरुस्ती केली ते आहे का?"

"कसली दुरुस्ती? आपल्याकडे काही बिघडलंच नव्हतं. पेपरात कुठे होतं?"

स्टोइना अंगणातून म्हणाली, "टाक्या त्याच आहेत. हिरवा रंग दिलाय. आमच्या गल्लीतल्या दोन पोरी लागल्यात कामाला. मी सांगायला गेले तर त्यांची आई म्हणाली, तुमच्या मुलीला आजार झाला होता ना?"

३ सप्टेंबर, गुरुवार

आज सहा महिने. स्टोइना पहाटेच भांडं घेऊन स्मशानात गेली. छापखाना या वेळी पत्रक छापणार नाही म्हणाला, म्हणून तिने वहीच्या कागदावर हाताने लिहिलं. मी तपासून दिलं. एक वेलांटी चुकली होती.

मी मागे थांबले. जर्दाळूच्या बिया फोडल्या होत्या, बिस्किटं आज करायचीच असं ठरवलं होतं. पीठ मळून ठेवलं, भट्टी अजून पेटवलेली नाही. खिडकी लावून इथे लिहायला बसले. पेन्शनचा कागद आला आहे. वहीची तीन पानं उरली आहेत.

दहा वाजून गेले. आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं, भिंतीवरच्या चिमण्या गप्प झाल्या आहेत. सगळ्या एकदम.

आणि वास. आधी वाटलं, माझ्या परातीतला. पण परात झाकलेली आहे. हा बाहेरून येतो आहे, फटीतून, तोच, कडू बदामाचा, मार्चपेक्षा किती तरी जास्त. माझी पोर आली. सहा महिने पूर्ण झाले त्याच दिवशी, त्याच वेळेला. मला ठाऊक होतं ती गेलेली नाही.

गोचेव म्हणायचे खिडकी बंद ठेवा. गेल्या खेपेला मी तिला फटीतून येऊ दिलं, आत घेतलं नाही.

खिडकीची दोन्ही दारं उघडते आहे.